सेंट अँड्र्यूजचं ब्लॅकफ्रायर्स : अख्ख्या मठातला हा एकच कोपरा का उरला?

तेरेखोल

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे मी स्कॉटलंडात डंडीला राहते. तिथून बसनं जवळच सेंट अँड्र्यूज आहे. येणारा माणूस सहसा गोल्फसाठी किंवा विद्यापीठासाठी येतो, फार तर समुद्राकाठचं पडकं कॅथीड्रल बघून परत जातो. पण साउथ स्ट्रीटवरून चालताना एका जुन्या शाळेच्या हिरवळीवर, अगदी फुटपाथला लागून, एक दगडी कोपरा उभा दिसतो. त्याच्यासमोर फारसं कुणी थांबत नाही. मी थांबते, आणि दर वेळी तोच प्रश्न डोक्यात येतो.

हा कोपरा म्हणजे ब्लॅकफ्रायर्स. डोमिनिकन फ्रायरांच्या मठातल्या चर्चचं एक चॅपेल, म्हणजे चर्चला जोडलेलं छोटं प्रार्थनास्थळ, साधारण १५२५ चं. मुख्य चर्च रस्त्याला समांतर, पूर्व-पश्चिम होतं आणि हे चॅपेल त्याच्या उत्तर अंगातून रस्त्याच्या दिशेनं बाहेर काढलेलं होतं. तीन बाजूंनी वळत गेलेली भिंत, तीत उंच खिडक्या, खिडक्यांत दगडाची नक्षीदार चौकट, बाहेरून भिंतीला टेकू देणारे जाड खांब आणि डोक्यावर दगडी फासळ्यांचं छत. त्या काळच्या स्कॉटलंडात अशी बहुकोनी भिंत क्वचितच बांधली जायची. तिच्यात समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स-हॉलंडच्या बांधणीची छाया दिसते असं म्हणतात. व्यापार तिकडेच चालायचा, तेव्हा नवल नाही.

आत शिरल्यावर जिथून मुख्य चर्च सुरू व्हायला हवं तिथून गवत सुरू होतं. चर्च नाही, जेवणघर नाही, फ्रायरांच्या खोल्या नाहीत. जून १५५९ मध्ये प्रोटेस्टंट सुधारक जॉन नॉक्सच्या प्रवचनांनंतर शहरातले मठ रिकामे केले गेले, मोडले गेले, एवढं पुस्तकी उत्तर मिळतं. मग सगळं मोडलं तर हे का राहिलं? बरं, उरलंय ते सगळ्यात नाजूक नक्षीकामाचं! 'नशीब' या उत्तरावर माझं समाधान होत नाही. इथे इतिहासवाले आहेत, बांधकामवाले आहेत. सांगा.

रातराणी

छान विषय. आधी एक बाळबोध शंका. फ्रायर आणि मंक हे एकच ना? चित्रात दोघेही झगा घालून हिंडताना दिसतात.

मोडीवाचक

@रातराणी, शंका बाळबोध नाही, धाग्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मंक म्हणजे मठात राहणारा साधू. त्याचा मठ बहुतेक गावाबाहेर, भोवती शेतीवाडी, दिवस ठरलेल्या प्रार्थनांत जायचा. फ्रायर ही तेराव्या शतकातली नवी कल्पना. डोमिनिकन संघाला पोपची मान्यता मिळाली १२१६ साली. हे लोक शहरात राहायचे, रस्त्यावर प्रवचनं द्यायचे, विद्यापीठात शिकवायचे आणि भिक्षेवर पोट भरायचे. आपल्याकडचा माधुकरी मागणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा, फक्त त्याला गावभर प्रवचन करायची परवानगीही द्या. पांढऱ्या झग्यावर काळा अंगरखा घालायचे म्हणून डोमिनिकन ते ब्लॅकफ्रायर्स, करड्या झग्याचे फ्रान्सिस्कन ते ग्रेफ्रायर्स, पांढऱ्या अंगरख्याचे कार्मेलाइट ते व्हाइटफ्रायर्स.

मठ शहरात असल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. लोकांचा राग झाला तेव्हा पहिला दगड यांच्याच दारावर पडला. आणि मठ मोडल्यावर ती जागा मोक्याची ठरली.

रातराणी

आता कळलं. म्हणजे लंडनचं ब्लॅकफ्रायर्स स्टेशनही यांचंच!

आडवाट

हो. तिथे स्टेशन आणि पूल आहे, मठ नावापुरता.

मोडीवाचक

आता १५५९ बद्दल सविस्तर, कारण 'नॉक्स आला, बोलला, लोकांनी तोडलं' इतकं ते सरळ नव्हतं.

त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारीला, स्कॉटलंडातल्या अनेक फ्रायर मठांच्या दारांवर एक नोटीस चिकटवलेली आढळली. इतिहासात ती 'भिकाऱ्यांची नोटीस' म्हणून ओळखली जाते. आंधळे, पांगळे, विधवा, अनाथ यांच्या नावानं लिहिलेली. आशय असा की भिक्षा आमच्या हक्काची, ती तुम्ही धडधाकट माणसांनी लुबाडली, या इमारती आमच्या पैशातून उभ्या राहिल्या, तेव्हा येत्या व्हिटसंडेपर्यंत (मे-जूनच्या सुमारास येणारा ख्रिस्ती सण) जागा खाली करा. हे कुणी खऱ्या भिकाऱ्यांनी लिहिलं नसणार हे उघड आहे. पण वार बरोबर वर्मी होता, कारण गरिबीचं व्रत घेतलेल्या मठांकडे तोवर जमिनी, भाडी, देणग्या भरपूर झाल्या होत्या.

मे महिन्यात पर्थ शहरात नॉक्सच्या प्रवचनानंतर जमाव भडकला आणि तिथले मठ लुटले गेले. जूनमध्ये तो सेंट अँड्र्यूजला आला. आर्चबिशपनं धमकी दिली होती की हा माणूस व्यासपीठावर चढला तर तोफांनी सलामी देईन. नॉक्स तरीही होली ट्रिनिटी चर्चमध्ये ११ जूनला बोलला. येशूनं मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकललं तो प्रसंग त्यानं विषयासाठी घेतला होता. ते चर्च याच साउथ स्ट्रीटवर आहे, ब्लॅकफ्रायर्सपासून चालत काही मिनिटांवर.

आणखी एक जुना हिशोब होता. २९ फेब्रुवारी १५२८ ला पॅट्रिक हॅमिल्टन नावाच्या तरुण सुधारकाला याच शहरात जिवंत जाळलं. त्याच्यावर आरोप वाचणारा होता अलेक्झांडर कँबेल, याच डोमिनिकन मठाचा प्रमुख. चॅपेल तेव्हा नवं कोरं असणार. पाखंड शोधून काढणं हे डोमिनिकनांचं ठरलेलं कामच होतं, त्यामुळे तीस वर्षांनी वारं फिरलं तेव्हा या मठाबद्दल कुणाला कळवळा येणं कठीण होतं. हॅमिल्टनला जाळलं त्या जागी आज फरसबंदीत त्याची आद्याक्षरं बसवली आहेत आणि विद्यार्थी त्यावर पाय देत नाहीत, दिला तर परीक्षेत नापास होतो म्हणे.

तेरेखोल

@मोडीवाचक, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ती आद्याक्षरं मी पाहिली आहेत. विद्यार्थी खरोखर वळसा घालून जातात. चुकून पाय पडलाच तर मे महिन्यात पहाटे थंडगार समुद्रात डुबकी मारायची, हा उतारा.

खडीसाखर

आपल्याकडे परीक्षेला जाताना दहीसाखर हातावर देतात, तिकडे उत्तर समुद्रात बुडवतात. दहीसाखर बरी!

मांडवीकाठ

हे चॅपेल बांधायला पैसा कुणी दिला? भिक्षेवर एवढं नक्षीकाम होत नाही.

मोडीवाचक

अॅबर्डीनचा बिशप विल्यम एल्फिन्स्टन. १५१४ मध्ये वारला, जाताना डोमिनिकनांसाठी पैसा ठेवून गेला आणि त्यातून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सेंट अँड्र्यूजच्या मठाचं नवं बांधकाम झालं. अॅबर्डीन विद्यापीठाचा संस्थापकही तोच, १४९५.

खडीसाखर

एल्फिन्स्टन?! म्हणजे आमच्या परळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवाला?

मोडीवाचक

आडनाव तेच, माणूस तीनशे वर्षं अलीकडचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर, तोही स्कॉटिश. आणि स्टेशन त्याचं नव्हतं, ते नंतरच्या लॉर्ड एल्फिन्स्टन या गव्हर्नरच्या नावाचं.

खडीसाखर

आता तर प्रभादेवी झालं. २०१८ पासून. माझे वडील अजूनही 'एल्फिस्टनला उतर' असंच सांगतात आणि मी बरोबर उतरते.

चुना_आणि_वीट

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो. तेरेखोल, तुम्ही 'नाजूक ते राहिलं' म्हणालात, तिथून सुरुवात करतो. ते दिसायला नाजूक आहे, बांधायला नाही.

मोठं चर्च कसं पडतं? क्वचितच कुणी भिंत ढकलून पाडतं. आधी छपरावरचं शिसं जातं. मध्ययुगीन छपरांवर शिशाचे पत्रे असायचे आणि शिसं वितळवून लगेच विकता येतं. शिसं गेलं की पाऊस थेट लाकडावर. काही हिवाळ्यांत वासे कुजतात, छप्पर कोसळतं, भिंतींचे माथे उघडे पडतात. भिंतीच्या पोटातली भर चुन्याची आणि दगडगोट्यांची असते. पाणी शिरलं, गोठलं, फुगलं की ती सुटते. मग गावातला माणूस गाडी घेऊन येतो, कारण घडवलेला दगड आयता मिळतोय, खाणीतून कोण काढेल?

आता हे चॅपेल पाहा. वर दगडी छत, त्यामुळे आधार गमावून बसेल असं आतलं लाकूड नाही. लांबी-रुंदी लहान. भिंत तीन बाजूंनी वळलेली, म्हणजे एक बाजू दुसरीला धरून ठेवते, सरळ लांब भिंतीसारखी ती झुलत नाही. प्रत्येक वळणावर बाहेरून जाड टेकू. छताच्या फासळ्या जो भार बाहेर ढकलतात तो थेट या टेकूंवर उतरतो. मुख्य चर्च निघून गेल्यावरही हा भाग स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. इमारतीतला एखादाच तुकडा उरायचा तर तो असाच असतो.

जुनापूल

चुना_आणि_वीट यांच्याशी पूर्ण सहमत, आणि त्याच धाग्यानं मला मोडीवाचक यांच्या उत्तरात थोडी भर घालायची आहे, किंवा विरोध म्हणा.

जमाव, हातोडे, आग हे चित्र फार रंगवलं जातं. सेंट अँड्र्यूजमध्ये जे झालं त्याला शहराच्या प्रोव्होस्टची (म्हणजे नगराध्यक्षाची) आणि पंचांची संमती होती. त्यांना मूर्ती, वेद्या, चित्रं, रंगीत काचा नको होत्या. भिंतींशी त्यांचं भांडण नव्हतं. प्रवचन झालं ते होली ट्रिनिटी चर्च तर वापरातच राहिलं, फक्त आतलं सगळं बदललं. म्हणजे मोडतोड जूनमध्ये झाली, पण नाश पुढची दोनशे वर्षं सावकाश होत राहिला. माझ्या मते ज्या इमारतीला दुसऱ्या दिवशी काहीतरी काम मिळालं ती वाचली, जिला मिळालं नाही ती दगडाची खाण झाली.

उदाहरणं देतो. इंग्लंडात नॉरिचचं डोमिनिकन चर्च शहरानं सभागृह म्हणून घेतलं आणि ते आजही उभं आहे, तिथे कार्यक्रम होतात. न्यूकॅसलचा मठ कारागिरांच्या संघांना बैठकीसाठी दिला, वाचला. एडिंबराजवळ साउथ क्वीन्सफेरीत कार्मेलाइट फ्रायरांचं चर्च आहे, तिथे आजही उपासना होते. आता उलट बाजू. इनव्हर्नेसच्या ब्लॅकफ्रायर्सचा एक खांब दफनभूमीत उभा आहे. लेस्टरच्या ग्रेफ्रायर्सचं जमिनीवर काहीच नव्हतं, २०१२ साली गाड्यांच्या पार्किंगखाली खणलं तेव्हा तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा मिळाला. आणि खुद्द सेंट अँड्र्यूजमध्ये फ्रान्सिस्कनांचा दुसरा मठ होता, बिशप केनेडीनं पंधराव्या शतकात वसवलेला. त्याची एक विहीर राहिली आणि एका रस्त्याला नाव.

आडवाट

पर्थचं विसरलात. तिथल्या ब्लॅकफ्रायर्समध्ये १४३७ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स मारला गेला. मारेकरी आले तेव्हा तो जमिनीखालच्या गटारात उतरला. त्या गटाराचं बाहेरचं तोंड त्यानंच थोड्याच दिवसांपूर्वी बंद करवलं होतं, कारण टेनिसचे चेंडू त्यात जायचे. अडकला आणि तिथेच गेला. आता त्या मठाचा एक दगडही जागेवर नाही.

रातराणी

बाप रे.

मोडीवाचक

@जुनापूल, संमतीचा मुद्दा बरोबर आहे. पण 'फक्त मूर्ती नको होत्या' हे फ्रायरांच्या मठांना लागू होत नाही. होली ट्रिनिटी हे गावाचं चर्च होतं, गावाला ते हवं होतं. फ्रायरांचा संघच नको होता. ज्यांनी नवी व्यवस्था मान्य केली त्या फ्रायरांना जगण्यापुरतं वार्षिक वेतन दिलं आणि संघ मिटवला. राहायला माणूसच ठेवला नाही तर घर पडणारच. तो नाश सावकाश झाला तरी त्यामागे निर्णय होता.

जुनापूल

हे मान्य. निर्णयानं माणसं गेली, पावसानं भिंती गेल्या.

सह्यकडा

माफ करा, पण थोडं स्पष्ट बोलतो. आपल्याकडे किल्ल्यांचे बुरूज दर पावसाळ्यात ढासळतायत, हेमाडपंती मंदिरांचे दगड घरांच्या पायऱ्यांना लागलेत. अशा वेळी स्कॉटलंडातल्या एका भिंतीवर एवढी चर्चा? तिची काळजी घ्यायला त्यांचं सरकार समर्थ आहे.

तेरेखोल

@सह्यकडा, तुमची कळकळ माझीही आहे. मी रेडी गावची, यशवंतगड बघत मोठी झाले. पण मी राहते तिथलं मला दिसतं आणि त्याच्याबद्दल विचारावंसं वाटतं. शिवाय वर चुना_आणि_वीट यांनी भिंत कशी पडते ते सांगितलं, ते यशवंतगडाला लागू नाही का? पाणी आत शिरणं आणि दगड पळवला जाणं या दोन्ही गोष्टी तिथेही घडल्या आहेत.

चुना_आणि_वीट

लागू आहे, शब्दशः. फक्त तिथे गोठणाऱ्या पाण्याच्या जागी वड-पिंपळाची मुळं धरा. आणि दोन्हीकडे दुरुस्तीत एकच घोडचूक होते, सिमेंट. चुना मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते. सांध्यात सिमेंट भरलं की ओल दगडातून बाहेर पडायला बघते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो. सेंट अँड्र्यूजसारख्या समुद्राकाठच्या गावात वाळूचा दगड आणि खारा वारा, तिथे तर हे फार लवकर होतं. किल्ल्यावर श्रमदानाला जाणाऱ्या पोरांना मी हात जोडून सांगतो, उत्साह ठेवा पण सिमेंटची गोणी खाली ठेवून या.

सह्यकडा

हा मुद्दा आमच्या गटात नक्की सांगतो. चुन्याच्या कामाबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो तुम्हाला.

पंतोजी

मंडळी, तेरेखोल यांनी 'एका जुन्या शाळेच्या हिरवळीवर' असं लिहिलं आणि शाळेचं नाव सांगितलंच नाही. ती शाळा म्हणजे मद्रास कॉलेज. स्कॉटलंडात मद्रास! आणि हे नाव आपल्याच मद्रासवरून.

अँड्र्यू बेल हा सेंट अँड्र्यूजच्या न्हाव्याचा मुलगा, जन्म १७५३. १७८७ मध्ये हिंदुस्थानात आला आणि मद्रासला एग्मोरमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. शिक्षक पुरत नव्हते, होते ते नवं काही करायला तयार नव्हते. एकदा त्यानं मलबारी मुलांची शाळा पाहिली. मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवत होती. त्यानं तेच आपल्या शाळेत आणलं आणि शिकवायला मोठ्या मुलांनाच बसवलं. थोडं जास्त येणारा मुलगा कमी येणाऱ्याला शिकवील, अशी साखळी. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये यावर पुस्तिका छापली आणि 'मद्रास पद्धत' जगभर गेली. मुंबईत १८१५ साली एज्युकेशन सोसायटी निघाली तिनंही हीच पद्धत उचलली.

ज्यांचे पणजोबा पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर शिकले त्यांना यात नवं काय असं वाटेल. बरोबरच आहे. मोठ्या मुलानं लहानाला घोकून घ्यायचं ही आपल्या गावठी शाळांची जुनी रीत. बेलनं तिला शिस्त लावली, छापली, नाव दिलं. ज्या पंतोजींकडून घेतलं त्यांचं नाव कुठे नाही, ही खंत मला कायम वाटते.

बेल १८३२ मध्ये वारला. त्याआधी त्यानं शाळांसाठी प्रचंड पैसा ठेवला आणि त्यातून ब्लॅकफ्रायर्सच्या जागेवर मद्रास कॉलेज उभं राहिलं. वास्तुविशारद विल्यम बर्न. त्यानं शाळा रस्त्यापासून मागे नेली, पुढे मोकळं अंगण ठेवलं आणि चॅपेलचा अवशेष त्या अंगणाच्या पुढच्या कडेला आला. त्यानं शाळा रस्त्यालगत आणली असती तर आज हा धागा निघाला नसता.

तेरेखोल

पंतोजी, तुमचं नाव आणि तुमची पोस्ट, दोन्ही शोभून दिसतात! नाव मी मुद्दाम नव्हतं दिलं, कुणीतरी हे सांगेल अशी आशा होती. शाळा २०२१ मध्ये शहराबाहेरच्या नव्या इमारतीत गेली आणि साउथ स्ट्रीटची जागा विद्यापीठाकडे आली.

रातराणी

म्हणजे आमच्या वर्गात गप्पा मारणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारी मॉनिटर ही बेलसाहेबांची देणगी? तिनं माझं नाव रोज लिहिलं आहे. बेलसाहेबांना माझ्यातर्फे फूल नका वाहू.

वसईवाला

मी वसईचा कॅथलिक, उत्तन-गासच्या पट्ट्यात आजोळ. फ्रायर म्हटल्यावर राहवलं नाही. अवांतर वाटेल पण संबंध थेट आहे.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यांच्याबरोबर हेच संघ आले, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, शिवाय जेझुइट. म्हणजे स्कॉटलंडातलं ते चॅपेल बांधून जेमतेम दहा वर्षं झाली होती. तिकडे फ्रायर संपत होते आणि आमच्याकडे नव्यानं येत होते. किल्ल्यात डोमिनिकनांच्या चर्चचे अवशेष आजही आहेत. फ्रान्सिस्कनांच्या संत अँथनी चर्चमध्ये गेलात तर जमिनीकडे बघत चाला, फरशीत थडग्यांचे कोरीव दगड आहेत, त्यावर पोर्तुगीज लेख आहेत. लोक सेल्फी काढत त्यावर उभे राहतात, मला फार वाईट वाटतं.

वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया पुढे फ्रान्सिस्कन संघात गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं, १८६२ मध्ये तो संत म्हणून जाहीर झाला. आमच्याकडे त्याचा सण थाटात होतो. त्यामुळे फ्रायर हा आमच्यासाठी इतिहासातला परका माणूस नाही, तो गावचाच पोर आहे.

जुनापूल

@वसईवाला, फार छान. आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावरचं चित्र सेंट अँड्र्यूजशी ताडून बघा. तिथेही मठ एका दिवसात जमीनदोस्त झाले नाहीत. वस्ती गेली, छपरं गेली, झाडं आली.

वसईवाला

अगदी. आणि जिथे दगडी कमानछत आहे ते भाग अजून धरून आहेत. चुना_आणि_वीट यांचं म्हणणं वाचताना मी मनात किल्ल्यातूनच फिरत होतो.

मांडवीकाठ

मग गोव्याचंही सांगते. जुन्या गोव्यात होली हिलवर संत ऑगस्टिनचा बुरूज आहे, ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये सरकारनं धार्मिक संघ बंद केले, ऑगस्टिनियन गेले. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरूज पडला. म्हणजे माणसं गेल्यावर छत पडायला फक्त सात वर्षं लागली! त्याची मोठी घंटा मात्र आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते, जुनापूल यांचा 'काम मिळालं ते वाचलं' हा मुद्दा तिला चपखल बसतो. याच अवशेषांत जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी मिळाल्या. डीएनए तपासून खात्री झाली आणि २०२१ मध्ये भारतानं त्या जॉर्जियाला दिल्या. पडकी जागा म्हणून साफ करून टाकली असती तर?

खडीसाखर

एक विचारू? एवढं सुंदर चॅपेल आहे तर ते पूर्ण का करत नाहीत? काचा लावा, मागची भिंत बांधा, छोटं संग्रहालय करा.

आडवाट

एल्गिनला तसं केलं आहे. तिथल्या ग्रेफ्रायर्सचं पडकं चर्च एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूटच्या मार्क्विसनं (एक मोठा सरदार) पुन्हा उभं करवलं. आत गेल्यावर फार सुरेख वाटतं.

चुना_आणि_वीट

एल्गिनला भिंती बऱ्याच शिल्लक होत्या, काय होतं ते वाचता येत होतं. इथे एक बाजूचं चॅपेल सोडून बाकी कल्पना करावी लागेल. मागची भिंत बांधली तर ती या चॅपेलला कधी नव्हतीच, तिथे चर्चकडे उघडणारी कमान होती. बंद खोली केली की ती नुसती सुटी खोली होते, मोठ्या इमारतीतून फुटलेली फांदी राहत नाही. माझा विरोध. आहे ते टिकवा, पाणी बाहेर ठेवा, पुरे.

खडीसाखर

मला अजूनही वाटतं की वापर असेल तर लोक थांबतील. तेरेखोल म्हणतात ना, कुणी थांबत नाही.

जुनापूल

वापर शेजारी होऊ दे की. विद्यापीठाची मुलं त्या अंगणात येतील, बसतील. डोमिनिकन मुळात विद्यापीठातच शिकवायचे, त्यांना ते आवडलं असतं.

तेरेखोल

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तुम्हा सगळ्यांमुळे उत्तर हाताशी आलं आहे.

फ्रायरांचा संघच नको होता म्हणून मठाला वाली राहिला नाही, आणि लाकडी छपराचं चर्च पावसानं आणि दगडाच्या गरजेनं संपलं. चॅपेलला दगडी छत, वळती भिंत आणि टेकू होते, म्हणून ते एकटं उभं राहू शकलं. पण नुसतं उभं राहू शकणं पुरत नाही. मजबूत कोपराही रस्ता रुंद करायला किंवा घर बांधायला पाडला गेला असता. १८३० च्या दशकात तिथे शाळा आली, तीही मागे सरकून, आणि अवशेषाला अंगण मिळालं. आज तो हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेच्या देखरेखीत आहे. मद्रासच्या मुलांनी वाळूत गिरवलेल्या अक्षरांमुळे बेलला नाव आणि पैसा मिळाला आणि त्या पैशाच्या शाळेनं एका डोमिनिकन चॅपेलला जागा राखली, हे मला पंतोजींमुळे आज पहिल्यांदा असं सलग दिसलं.

मोडीवाचक

या उत्तरावर माझी सही. फक्त एक पुरवणी, परंपरा या मठाची स्थापना १२७४ ची मानते, बिशप विल्यम विशार्टच्या हातून. पण भक्कम पुरावे पंधराव्या शतकापासूनचे आहेत. फलकावर १२७४ वाचलंत तर ते परंपरा म्हणून वाचा.

सह्यकडा

धागा वाचनखुणांत साठवला आहे. पुढच्या महिन्यात मुलीच्या प्रवेशासाठी त्या बाजूला येतोय. कसं जायचं आणि फोटोला वेळ कोणती बरी?

तेरेखोल

अरे वा, जरूर या! सेंट अँड्र्यूजला रेल्वे स्टेशन नाही, १९६९ मध्ये बंद झालं. एडिंबराहून गाडीनं लुकर्सला उतरायचं, तिथून बस दहा-पंधरा मिनिटांत सोडते. बसस्थानकापासून साउथ स्ट्रीट चालत. बाहेरून बघायला तिकीट नाही. चॅपेलची खिडक्यांची बाजू उत्तरेला आहे, त्यामुळे भर दुपारी फोटो काळपट येतो, सूर्य इमारतीच्या मागे असतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा तिरकं ऊन तिच्यावर येतं, तेव्हा दगडाची नक्षी उठून दिसते. मी त्या आठवड्यात इथेच आहे. व्यनि करा, घरी जेवायलाच या, मुलीलाही आणा. वहिनींना सांगा, मालवणी मसाल्याची एक पुडी तेवढी घेऊन या.

वसईवाला

आणि परत आलात की वसईला या. किल्ला मी दाखवतो. पावसाळा संपल्यावर, गवत कापल्यावर.